स्टार ट्रेकच्या तेरा सिनेमांत माझा पहिला नंबर

१९७९ ते २०१६ या काळात 'स्टार ट्रेक' या अंतराळकथांच्या मालिकेचे तेरा सिनेमे थिएटरात आले. त्यात सगळ्यात भारी कोणता, असं चाहत्यांना विचारलं की बहुतेक जण 'द रॅथ ऑफ खान'चं नाव घेतात. माझ्या यादीत तो दुसरा. पहिला मान १९९१च्या 'द अनडिस्कव्हर्ड कंट्री'चा, आणि त्यासाठी कितीही वेळ वाद घालायची माझी तयारी आहे.

कारण कर्क, एंटरप्राइज या अंतराळजहाजाचा कप्तान. क्लिंगन या शत्रू परग्रहवासीयांनी त्याच्या मुलाचा जीव घेतलाय. आता त्यांचा प्रॅक्सिस नावाचा चंद्र फुटलाय, साम्राज्य टेकीला आलंय आणि तहासाठी निघालेल्या त्यांच्या चान्सलरला सोबत करायला नेमकं कर्कलाच पाठवतात. ते लोक मरतायत, असं त्याचा सहकारी आणि जुना मित्र स्पॉक सांगतो. कर्क ताडकन म्हणतो, 'मरू देत!' ज्या कप्तानावर आपण इतका जीव लावला, त्याच्या तोंडून हे ऐकताना चर्र होतं. हाच द्वेष त्यानं आपल्या खासगी नोंदीतही बोलून ठेवलेला असतो, आणि पुढे चान्सलरच्या खुनाच्या खटल्यात ती नोंद त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून ऐकवली जाते. शत्रूपेक्षा स्वतःच्या रागाशी झगडणारा कर्क मला खानला हरवणाऱ्या कर्कपेक्षा मोठा वाटतो. शीतयुद्ध संपत असताना आलेला हा सिनेमा, त्यामुळे तो काळही त्यात पुरेपूर उतरलाय. चान्सलरच्या खुनाचा प्रसंग तर बघाच. जहाजावरचं गुरुत्वाकर्षण बंद पडतं, चुंबकी बूट घातलेले मारेकरी एकेक पाऊल रोवत येतात आणि जांभळट रक्ताचे गोळे हवेत तरंगत राहतात. एक गोष्ट मात्र मला खुपते. कटात सामील असलेल्या व्हॅलेरिसच्या मनात स्पॉक जबरदस्तीनं शिरतो, आणि सिनेमा तिथे थांबत नाही. थांबायला हवं होतं.

'खान' (१९८२) दुसरा असला तरी जेमतेमच मागे आहे. दिग्दर्शक दोन्हीचा एकच, निकोलस मेयर. कर्क आणि खलनायक खान अख्ख्या सिनेमात एकदाही समोरासमोर येत नाहीत, तरी वैर कुठेही सैल पडत नाही. माझा आवडता क्षण मात्र लढाईतला नाही. खाननं दिलेली मुदत संपत आलीय, जहाज मोडून पडलंय, आणि कर्कला पडद्यावरचा आकडा वाचायला चष्मा लावावा लागतो. म्हातारपण इतकं नेमकं दाखवलेलं मी अंतराळाच्या दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेलं नाही. आणि शेवटी इंजिन रूममधला, मरणाच्या दारातला स्पॉक! उठून उभा राहतो, आधी अंगरखा नीट करतो आणि मग चाचपडत काचेशी येतो. तिथे मला दर वेळी रडू येतं.

तिसरा 'फर्स्ट काँटॅक्ट' (१९९६). बोर्ग या अर्धयांत्रिक शत्रूंवरच्या सूडानं पेटलेला पुढच्या पिढीचा कप्तान पिकार्ड आणि त्याला तोंडावर सुनावणारी लिली, एवढ्या एका प्रसंगासाठीही मी त्याला वर ठेवलं असतं. चौथा 'द व्हॉयेज होम' (१९८६): खलनायक नाही, देवमासे आहेत, सगळ्यांनी मिळून बघावा असा. पाचवा 'बियाँड' (२०१६). नव्या नटसंचाच्या तीन सिनेमांपैकी यातच मला हे लोक एकमेकांचे वाटले.

पहिला सिनेमा, १९७९चा, लोक संथ म्हणून सोडून देतात. गोदीतल्या एंटरप्राइजभोवती कॅमेरा रेंगाळतो आणि जेरी गोल्डस्मिथचं संगीत चढत जातं, तेवढा भाग तरी मोठ्या पडद्यावर बघा. माझा सहावा तोच.

तळाला 'नेमेसिस' आणि 'इनटू डार्कनेस'. 'इनटू डार्कनेस'नं 'खान'मधला मृत्यू उसना घेतला, पण त्यामागची कित्येक वर्षांची मैत्री कुठून आणणार?

नव्यानं बघणाऱ्यांनी सिनेमे आले त्या क्रमातला दुसरा ('खान'), तिसरा आणि चौथा ('द व्हॉयेज होम') ओळीनं बघावेत, कारण कथा सलग आहे. त्यातला तिसरा, 'द सर्च फॉर स्पॉक', जरा कच्चा आहे, पण गाळू नका. कर्कचा मुलगा त्यातच जातो, आणि ते पाहिल्याशिवाय 'द अनडिस्कव्हर्ड कंट्री'तलं 'मरू देत' पुरतं कळत नाही.