प्लास्टिकचा सेक्स्टंट, आठ महिन्यांनंतर: समुद्रावर नेऊ नका म्हणे!

सेक्स्टंट म्हणजे सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजून आपण समुद्रावर कुठे आहोत हे काढायचं यंत्र; याहून जास्त सांगत बसत नाही. नौदलातले माजी अधिकारी अभिलाष टॉमी २०२२-२३च्या गोल्डन ग्लोब या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत जीपीएस न वापरता २३६ दिवसांत एकट्याने पृथ्वी फिरून दुसरे आले, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळत होता. शिडाची बोट या जन्मी घेणं नाही. निदान सूर्य तरी मोजू. धातूचा सेक्स्टंट याच्या चौपट, म्हणून ऑक्टोबरात प्लास्टिकचा मागवला. ड्यूटी धरून २२ हजार. बायकोला १२ सांगितलेत.

पहिल्या महिन्यात मी याला शिव्याच घातल्या. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून साडेचारचा सूर्य आरशातून क्षितिजावर उतरवायचा, फोनमधली वेळ सेकंदासकट टिपायची, घरी येऊन गणित मांडायचं. उत्तर काय? मी अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून सहा सागरी मैलांवर. म्हणजे ११ किलोमीटर! एका हवालदाराने दोनदा विचारलं, "कसला सर्व्हे चाललाय?" काय सांगणार?

सगळा घोळ इंडेक्स एररचा, म्हणजे यंत्राचा शून्यच जागेवर नसण्याचा. एक मिनिट (वेळेचं नव्हे, कोनाचं: अंशाचा साठावा भाग) चुकलं की एक सागरी मैल गेला, आणि प्लास्टिक तापलं की शून्य सरकतं. घरी पंख्याखाली ३ मिनिटं असलेली एरर कठड्यावर ९ झालेली. पण इथे माझं मत बदललं, कारण मी हे यंत्र स्कूटरच्या डिकीत घालून नेत होतो, तेही दुपारी तीनला. आता पिशवीत टॉवेलात गुंडाळून नेतो, वीस मिनिटं सावलीत ठेवतो आणि प्रत्येक मापाच्या आधी आणि नंतर एरर तपासतो. थेट दिसणारी आणि आरशातली अशा दोन क्षितिजरेषा एकसंध दिसेपर्यंत आकड्यांचा ड्रम फिरवायचा, आकडा लिहायचा. कंटाळवाणं आहे, पण चूक दोन-अडीच मैलांवर आली. त्यातला मोठा वाटा भरतीचा, कारण डोळा पाण्यापासून जितका उंच तितकं क्षितिज खाली दिसतं. भरतीला माझा डोळा पाण्यापासून ३ मीटर, मोठ्या ओहोटीला ७. तेवढ्यानेच दीड मिनिटाचा फरक पडतो, आणि मी आळसाने एकच उंची धरत होतो.

मग फेब्रुवारीत आरशाच्या कडेला काळे डाग. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं: खाऱ्या हवेमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. अहो, सेक्स्टंट काय महाबळेश्वरला वापरायचा? ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये ३२ फुटी 'सुहेली'तून ३१२ दिवस विनाथांबा, एकटे पृथ्वीभोवती फिरले. ती होडी इथे मुंबईतच बांधलेली. त्यांच्या सेक्स्टंटला कुठली हवा लागली असेल? हेच मी लिहून पाठवलं. उत्तर आलं, तेच, शब्दन् शब्द. पाच मेल झाल्या. नव्या आरशाचे ३,२०० रुपये अधिक कुरिअर.

नाही दिले. नळबाजारातल्या काचवाल्याने जुना तुकडा मापाला घेऊन ६० रुपयांत कापून दिला. "एवढासा आरसा कशाला, पोपटाच्या पिंजऱ्याला?" जाड निघाला, पकडीत बसेना, घासून बसवला. परवा पावसाआधीचा शेवटचा स्वच्छ सूर्य मिळाला: चूक १.८ मैल. डागाळलेल्या मूळ आरशात कधी दोनच्या खाली उतरलो नव्हतो.

यंत्राला चार तारे. विक्रेत्याला शून्य. पेटीची कडी जूनमध्येच तुटली, तिच्यावर रबरबँड आहे.