जर्मनीत थेट मालकाकडून जुनी गाडी घेतली: कागदांपासून पहिल्या हिवाळ्यापर्यंत

गाडी घेऊन आता बरेच महिने झाले. एक हिवाळा पार पडला, टूफ म्हणजे गाडीची ठरावीक मुदतीने होणारी सक्तीची तांत्रिक तपासणी करून झाली, विम्याचं दुसरं बिलही आलं. डीलरला वगळून थेट मालकाकडून जुनी गाडी घ्यावी का, यावर माझं मत आता पक्कं झालंय. जरूर घ्यावी. फक्त एक लक्षात असू द्या, सगळा व्यवहार विकणाऱ्याच्या घरच्या टेबलावर ठरतो. तिथे कागद नीट हातात आले की त्सुलासुंग्सश्टेलेच्या, म्हणजे वाहन नोंदणी कार्यालयाच्या, खिडकीवरचं काम किरकोळ आहे.

इथे गाडीच्या नोंदणीचे कागद दोन भागांत असतात. पहिल्या भागाला सगळे अजूनही शाइन म्हणतात, तो गाडी चालवताना जवळ ठेवायचा. दुसरा भाग म्हणजे ब्रीफ, तो घरी कुलपात. आपल्याकडे कर्ज असलं की आरसीवर बँकेचं नाव चढतं. इथे बँक अख्खा ब्रीफच स्वतःकडे ठेवते. आम्ही पाहिलेल्या एका पोलोचं असंच होतं. "कर्ज फिटलं की पोस्टाने पाठवतो," असं मालक म्हणाले. माणूस भला वाटला, तरी आम्ही आभार मानून निघालो. ब्रीफ न बघता गाडी घेतली आणि उद्या ती दुसऱ्याच कोणाची निघाली, तर "मी विश्वासाने घेतली" हे म्हणणं कोर्टात टिकणं कठीण.

गंमत अशी की ब्रीफवर नाव आहे म्हणून माणूस मालक ठरत नाही. शाइनवर तर तसं छापलेलंच असतं. मालकी येते ती मालकाशी सहमती होऊन गाडी ताब्यात आली की. त्यामुळे ब्रीफवरचं नाव विकणाऱ्याच्या ओळखपत्राशी जुळवा आणि चासी नंबर दोन्ही कागदांवर आणि प्रत्यक्ष गाडीवर वाचून बघा. ब्रीफवर आधीचे किती मालक झाले तो आकडा असतो, तोही बघा.

करारासाठी आडाक या वाहनचालक संघटनेचा छापील नमुना फुकट मिळतो, तो उत्तम आहे. खासगी विक्रीत मालक दोषांची जबाबदारी कागदावरच झटकतो, आणि कायद्याने त्याला ती मुभा आहे. डीलरला किमान वर्षभराची जबाबदारी घ्यावी लागते, हा मोठा फरक. खासगी मालकाने जाणूनबुजून काही लपवलं असेल तरच तो अडकतो. म्हणून तोंडी सांगितलेली प्रत्येक गोष्ट लिहून घ्यायची: अपघात झालेला नाही, टायमिंग बेल्ट बदललाय, चाव्या दोन, हिवाळी चाकांचा संच सोबत.

आम्हाला गाडी विकणारे एक निवृत्त आजोबा होते. त्यांच्याकडे प्रत्येक सर्व्हिसची पावती तारखेप्रमाणे फाइलला लावलेली. सह्या झाल्यावर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ताबा दिल्याची वेळ लिहिली, ११:४०. ही वेळ फार कामाची. त्यानंतरचा वेगाचा दंड आपला, आधीचा त्यांचा.

गाडी त्यांच्या नावावर चालू असतानाच आम्ही ती घरी आणली. हे कायद्यात बसतं. विकल्याबरोबर जुना विमा आपसूक घेणाऱ्याकडे येतो आणि आपण नव्या विम्यावर नोंदणी केली की तो संपतो. पण विकणाऱ्याच्या जिवाला घोर असतो, आणि तो समजून घ्यायला हवा. आम्ही पासपोर्टची प्रत दिली, अमुक तारखेपर्यंत गाडी नावावर करू असं करारात लिहिलं आणि नवा शाइन हातात येताच त्यांना फोटो पाठवला. काही जण आधी नोंदणी रद्द करूनच गाडी देतात. मग घरी न्यायला पाच दिवसांची तात्पुरती नंबर पाटी काढावी लागते, तिचा वेगळा विमा, वेगळा खर्च. शक्य असेल तर ते टाळा.

खिडकीवर लागतात दोन्ही भाग, शेवटच्या टूफचा अहवाल, विमा असल्याचा पुरावा म्हणून कंपनीने दिलेला सात अक्षर-अंकांचा ईव्हीबी नंबर, करासाठी बँक खात्यातून वसुलीची संमती आणि ओळखपत्र. आपल्याकडे जर्मन ओळखपत्र नसतं, म्हणून पासपोर्टसोबत पत्त्याची नोंद, म्हणजे मेल्डेबेशाइनिगुंग, न्यायचं. भारतात गाडी नावावर करायचे फॉर्म २९, ३० आणि एजंटच्या फेऱ्या अनुभवलेल्यांना हे स्वर्ग वाटेल. विकणाऱ्याने सोबत यायचीही गरज नसते.

पाटीचा निर्णय मात्र आधीच करा. दुसऱ्या जिल्ह्यातली असली तरी जुनी पाटी ठेवता येते. आजोबांना त्यांचा नंबर पुढच्या गाडीला हवा होता, म्हणून आम्ही नवीन घेतला. आवडीचा नंबर आधी राखून ठेवायला १२.८० युरो पडतात. पाट्या ऑनलाइन मागवल्या तर कार्यालयाशेजारच्या दुकानापेक्षा बऱ्याच स्वस्त. खिडकीवरच्या बाईंनी त्यावर शिक्का आणि टूफचा गोल स्टिकर चिकटवला, अंगठ्याने नीट दाबून. स्टिकरवर वर येणारा आकडा म्हणजे महिना, मधला म्हणजे वर्ष.

पाटी बदलली की काचेवरचा हिरवा पर्यावरण स्टिकरही बदलावा लागतो, कारण त्यावर गाडीचा नंबर लिहिलेला असतो. हे बरेच जण विसरतात. स्टिकर काही युरोंचा, पण तो नसताना पर्यावरण झोनमध्ये, म्हणजे शहराच्या ज्या भागात कमी धूर सोडणाऱ्या गाड्यांनाच मुभा असते तिथे, सापडलात तर दंड १०० युरो.

कर ऐकून घाबरू नका. आमची हजार सीसीची पेट्रोल गाडी, २०१७ ची, सीओटू किलोमीटरला ११० ग्रॅम. दर १०० सीसीला २ युरो म्हणजे २०, आणि ९५ ग्रॅमच्या वरच्या प्रत्येक ग्रॅमला २ म्हणजे ३०. वर्षाला ५० युरो. हा कर २०१४ पासून कस्टम्स खातं गोळा करतं, त्यामुळे त्यांचं पत्र आलं की दचकू नका. आजोबांनी आधीच भरलेला उरलेला कर त्यांना परत मिळतो, तो हिशेब आपल्याला करायचा नसतो.

खरा खर्च विम्याचा. भारतातली विनाअपघाताची वर्षं आमच्या विमा कंपनीने धरली नाहीत, सवलतीची सुरुवात तळातून. गाडीच्या किमतीवर आठवडे घासाघीस करण्याआधी चार कंपन्यांचे दर त्या नेमक्या मॉडेलसाठी काढा. एकाच किमतीच्या दोन गाड्यांच्या विम्यात मोठा फरक पडतो.

गाडीने त्रास दिलेला नाही. घेतानाच टूफ संपत आलं होतं, त्यावर आम्ही भाव कमी करून घेतला. तपासणीत मागच्या ब्रेक डिस्क गंजलेल्या निघाल्या, त्या बदलल्या. कमी झालेल्या भावात ते बसलं. हिवाळी चाकांवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह आहे ना, ते मात्र घेतानाच बघा. ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेले टायर बर्फात कायद्याने चालत नाहीत.

बहुतेक विमा करार ३१ डिसेंबरला संपतात आणि कंपनी बदलायची असेल तर ३० नोव्हेंबरपर्यंत कळवावं लागतं. आम्ही ऑक्टोबरमध्येच नवे दर काढणार आहोत.