खापरपणजोबांचा शोध आणि शोधून देणाऱ्यांचा अहवाल : एक अभिप्राय

जुन्या महसुली व नोंदणी कागदपत्रांतून पूर्वजांचा माग काढून, मोडी लिप्यंतरासह वंशावळ तयार करून देणाऱ्या एका खाजगी सेवेचा हा अभिप्राय आहे. कुणबी नोंदींचा शोध २०२३ साली राज्यभर सुरू झाला, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना मोठी मागणी आली आणि अशा सेवाही ठिकठिकाणी उभ्या राहिल्या. सेवेचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण त्यांच्या कामातला एक भाग अत्यंत चांगला आणि दुसरा भाग अत्यंत निष्काळजी होता. नाव दिले की वाचक त्यांतला एकच भाग लक्षात ठेवतात. शिवाय या क्षेत्रात आज जे लोक काम करतात, त्यांपैकी बऱ्याच जणांना हा अभिप्राय कमीअधिक प्रमाणात लागू पडेल, असे माझे मत झाले आहे.

आमचे मूळ गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू पट्ट्यात आहे. घरात पिढ्यानपिढ्या सांगितले जात होते की खापरपणजोबांकडे पेशवाईपासून चालत आलेले इनाम, म्हणजे साऱ्यात सूट देऊन बक्षीस दिलेली जमीन, होते आणि ते 'इंग्रजाने खाल्ले'. पुरावा म्हणून घरात एक पत्र्याची पेटी होती आणि तीत मोडीतला एकच स्टँपपेपर. सेवेची फी अठरा हजार रुपये ठरली, त्यातली निम्मी आगाऊ. मुदत दीड महिन्याची सांगितली होती, प्रत्यक्षात साडेचार महिने लागले. विलंबाबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या नकला कधी मिळतील हे कोणाच्याच हातात नसते, आणि दर पंधरा दिवसांनी कोणता कागद कुठे अडला आहे हे ते न चुकता कळवत होते.

अहवाल बावन्न पानांचा, स्वच्छ छापलेला, प्रत्येक नकलेची प्रत जोडलेला असा आला. त्यातील विसाव्या शतकाचा भाग वाचताना काम करणाऱ्या माणसाला गावदप्तराची खरी जाण आहे, हे पानोपानी दिसते. आजचा सात-बारा गट क्रमांकावर असतो आणि जुने कागद सर्व्हे नंबरवर असतात. तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्याखाली ज्या गावांत योजना झाली, तिथे हे दोन क्रमांक जुळवल्याशिवाय मागे जाता येत नाही. मी स्वतः प्रयत्न केला होता तेव्हा नेमका याच पायरीवर अडकलो होतो. जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, ऑनलाइन पाहण्याची शासनाची सोय आहे हे मला ठाऊक होते, पण कोणता क्रमांक टाकायचा हेच ठाऊक नव्हते. त्यांनी प्रथम जुने सर्व्हे नंबर आणि नवे गट यांची जुळणी दाखवणारा एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा काढला, आमचा गट कोणत्या तीन सर्व्हे नंबरांतून बनला ते ठरवले आणि मगच फेरफारांना हात घातला. घाईने आडनावावर शोध घेणारा माणूस इथेच चुकतो, कारण जुन्या नोंदींत आडनाव असेलच याचा भरवसा नसतो. जमीन मात्र जागची हलत नाही.

हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली आला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यात सामील झाला, त्यामुळे त्याआधीचा फेरफार शोधण्यात अर्थ नसतो, हेही त्यांनी पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितले होते. आमच्या सर्व्हे नंबरावरची सर्वांत जुनी वारसनोंद १९१४ ची निघाली. खापरपणजोबा मयत, वारस म्हणून पणजोबांचे एकट्याचे नाव, आणि नावापुढे 'ए. कु. मॅ.' ही तीन अक्षरे. मी वाचून पणजोबा एकुलते एक होते असा निष्कर्ष काढून मोकळा झालो असतो. अहवालात मात्र त्या अक्षरांखाली रेघ ओढून लिहिले होते की 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून ज्यांची नावे लागलेली नाहीत असे भाऊ गृहीत धरावेत आणि ते दुसऱ्या कागदात शोधावेत. त्यांनी ते शोधलेसुद्धा, तेही कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जिथे गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद होत असे.

त्या वहीच्या ज्या पानाची नकल अहवालाला जोडली आहे, ते पान ऑक्टोबर १९१८ चे आहे. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'ताप' हा एकच शब्द आहे. सुरुवातीच्या ओळींत तो नीट लिहिलेला दिसतो, पुढे त्याची नुसती खूण उरते आणि शेवटच्या काही ओळींत तर वरच्यासारखेच समजावे अशी एक उभी रेघ. ही इन्फ्लुएंझाची साथ होती. पानाच्या मध्यावर पणजोबांच्या धाकट्या भावाचे नाव आहे, वडिलांच्या नावासह, आणि त्याच्या दोन ओळी खाली त्याच्या बायकोचे. या दोघांविषयी आमच्या घरात कोणालाही काहीही माहीत नव्हते. अठरा हजारांतले निम्मे पैसे त्या एका पानाने फेडले, असे मी मानतो.

अहवाल १८९० च्या मागे सरकतो तेव्हा हात बदलल्यासारखा वाटतो. पेटीतला स्टँपपेपर हे गहाणखत आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले. लिप्यंतरही बहुतेक ठिकाणी विश्वासार्ह आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द सलग एका रेघेखाली लिहिलेले असतात, त्यामुळे चारदोन शब्दांबद्दल मतभेद राहणारच. मी तो दस्त दुसऱ्या एका जाणकाराकडूनही वाचून घेतला आणि नावे, चतुःसीमा, कर्जाची रक्कम यांत फरक आढळला नाही. 'अमुक बिन तमुक' या मजकुरामुळे खापरपणजोबांच्या वडिलांचे नाव प्रथमच कळले, ही मोठीच प्राप्ती आहे.

गडबड झाली ती सालाची. दस्ताच्या मजकुरात 'सन १२९५' एवढेच लिहिले आहे. सेवेने ते हिजरी समजून इसवी सन १८७८ केले आणि वंशावळीतल्या पुढच्या सगळ्या तारखा त्यावर बेतल्या. आता, पुणे जिल्ह्यातल्या महसुली व्यवहारांत फसली सन, म्हणजे पिकांच्या हंगामावर बेतलेले महसुली वर्ष, वापरला जात असे, हे या व्यवसायातल्या माणसाला सांगावे लागू नये. दख्खनी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, आणि ते वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते. म्हणजे १२९५ फसली हे जून १८८५ ते जून १८८६ चे वर्ष. सात-आठ वर्षांची ही चूक वरवर किरकोळ वाटेल. पण तिच्यामुळे अहवालात एक मुलगा बापाच्या वयाच्या नवव्या वर्षी जन्मलेला दाखवला गेला, आणि ती विसंगती मिटवण्यासाठी मधे एक जादा पिढी 'संभाव्य' म्हणून घालण्यात आली.

गणित सोडून दिले तरी १८७८ हे साल टिकत नाही, याचा पुरावा त्याच कागदाच्या मागच्या बाजूला होता. पुणे जिल्ह्यातील सुपे आणि आसपासच्या गावांत १८७५ साली सावकारांविरुद्ध दंगे झाले आणि त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा झाला. त्याअन्वये पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याने करून दिलेला कर्जाचा किंवा गहाणाचा लेख व्हिलेज रजिस्ट्रारच्या देखरेखीखाली लिहून त्याची साक्ष घेणे आवश्यक झाले. निरक्षर कर्जदाराकडून कोऱ्या कागदावर खूण घेऊन नंतर वर मजकूर भरण्याचा जो प्रकार चाले, त्याला आळा घालण्याचा तो प्रयत्न होता. आमच्या दस्ताच्या पाठीवर नेमका असा व्हिलेज रजिस्ट्रारचा शेरा आहे. १८७९ च्या कायद्याने निर्माण झालेला अधिकारी १८७८ च्या दस्तावर सही करणार तरी कशी? शेऱ्याखाली फेब्रुवारी महिना आणि १८८६ हे साल आहे. मोडी अंक बरेचसे देवनागरी अंकांसारखेच असल्याने ते मलाही वाचता आले. मी दस्ताच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे पाठवली होती. अहवालात फक्त पुढची बाजू छापली आहे.

मात्र खरा आक्षेप यापुढच्या पानांवर आहे. खापरपणजोबांच्या वडिलांचे नाव हाती आल्यावर सेवेने १८५० च्या दशकातील एक इनामासंबंधीची नोंद शोधून काढली. तीत आमच्याच गावातील त्याच नावाचा एक इनामदार आहे, आणि तेवढ्या आधारावर त्याला आमच्या वंशावळीत सर्वांत वर, जाड अक्षरांत, चौकटीत बसवले आहे. नावापलीकडे काहीही जुळत नाही. त्या नोंदीत बापाचे नाव नाही, सर्व्हे नंबर नाही, आडनाव तर नाहीच. त्या काळी एका मध्यम आकाराच्या गावात एका नावाचे पाचसहा पुरुष असणे ही अगदी साधी गोष्ट होती.

यापेक्षा वाईट म्हणजे त्यांच्याच अहवालातला दुसरा कागद याच्या विरुद्ध बोलतो. त्यांनी जोडलेल्या आकारबंदात, म्हणजे सर्व्हे नंबरवार क्षेत्र आणि सारा दाखवणाऱ्या तक्त्यात, आमचे तिन्ही सर्व्हे नंबर साधे रयतावा, म्हणजे पूर्ण सारा भरणाऱ्या जमिनी म्हणून, पूर्ण आकारासह लागलेले आहेत. जुडी (इनाम जमिनीवरचा सवलतीचा सारा) किंवा इनामाचा कसलाही उल्लेख नाही. इनाम कमिशनने १८५२ च्या कायद्याखाली सनदा तपासून अनेक इनामे खालसा, म्हणजे रद्द करून सरकारजमा, केली हे खरे आहे, त्यामुळे आमचेही तसेच झाले असेल असा युक्तिवाद करता येईल, आणि मी विचारल्यावर त्यांनी तो केलाच. परंतु तसे असेल तर खालसा केल्याचा निर्णय दाखवला पाहिजे, किंवा निदान पुण्याच्या पेशवे दप्तरात तो शोधला आणि मिळाला नाही असे लिहिले पाहिजे. अहवालात यांपैकी एकही वाक्य नाही. पहिल्या भेटीत मी इनामाची कथा मोठ्या उत्साहाने सांगितली होती, याची मला आता खंत वाटते. गिऱ्हाइकाला काय ऐकायचे आहे ते एकदा कळले की कागदालाही तेच बोलायला लावण्याचा मोह होत असावा.

कागद प्रत्यक्षात जे बोलतो ते निराळे आहे. १८८६ साली एका कोरडवाहू शेतकऱ्याने आपली अर्धी जमीन गावातल्या सावकाराकडे गहाण टाकली, साक्षीदार म्हणून शेजारच्या शेतवाल्याला उभे केले आणि सहीच्या जागी नांगराची खूण काढली. १९१४ च्या फेरफारात ती जमीन पुन्हा आमच्याच नावावर दिसते. म्हणजे मधल्या अठ्ठावीस वर्षांत कोणीतरी ते कर्ज फेडले होते. हे गहाण कसे सुटले हा या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा प्रश्न होता, आणि सेवेने तो विचारलासुद्धा नाही. नोंदणी कार्यालयातील इंडेक्स दोनमध्ये मिळकतीवरून शोध घेता येतो. गहाणफेडीचा दस्त नोंदवला गेला असेल तर तो तिथे सापडू शकतो. इनामाच्या मागे घालवलेला वेळ तिकडे लावला असता तर हा अभिप्राय वेगळा झाला असता.

माझी शिफारस विचाराल तर ती मर्यादित आहे. गट क्रमांकापासून सर्व्हे नंबरापर्यंत, फेरफार, हक्कनोंद आणि कोतवाल बुक या टप्प्यापर्यंतचे काम ही सेवा उत्तम करते, आणि नोकरीमुळे तहसीलच्या अभिलेख कक्षात खेटे घालणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी त्या भागासाठी फी देण्यास हरकत नाही. काम देताना तीन अटी लेखी घालाव्यात. दस्ताच्या दोन्ही बाजू अहवालात छापाव्यात, मूळ साल जसेच्या तसे देऊन त्याचे रूपांतर कसे केले ते शेजारी लिहावे, आणि वंशावळीतील प्रत्येक रेघेपाशी ती कोणत्या कागदावरून ओढली त्याचा क्रमांक द्यावा. ज्या रेघेला क्रमांक नसेल ती तुटक असावी. घरातल्या कथा मात्र अहवाल हाती येईपर्यंत त्यांना सांगू नयेत.

माझ्या लेखी हरकतीनंतर सेवेने वाद न घालता सुधारित वंशावळ पाठवली आणि तिच्यासाठी वेगळे पैसे मागितले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नमूद करतो. तीत साल दुरुस्त झाले आहे, जादा पिढी गेली आहे आणि इनामदाराची चौकट काढून टाकली आहे. पहिल्या आवृत्तीची प्रत आमच्या थोरल्या काकांनी तत्पूर्वीच काचेच्या चौकटीत बसवून गावच्या घरात, देवघराशेजारच्या भिंतीवर लावली होती. दुरुस्त प्रत मी त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती शांतपणे वाचली, घडी घालून पत्र्याच्या पेटीत गहाणखताखाली ठेवली, आणि भिंतीवरची तशीच राहू दिली.