आयकर रिटर्नचं सॉफ्टवेअर निवडताय? आधी त्यात ऊस टाकून बघा

जुलै जवळ आला की ‘दहा मिनिटांत रिटर्न’ म्हणणाऱ्या जाहिराती मोबाइलवर रांग लावतात. ज्याचं उत्पन्न म्हणजे एक पगार आणि एक फॉर्म १६ (ऑफिसनं दिलेला पगार आणि कापलेल्या कराचा दाखला), त्याच्यासाठी ती दहा मिनिटं खोटी नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यात मात्र पुष्कळ घरांत पगाराला ऊस जोडलेला असतो, उसाला दूध, आणि वर पतसंस्थेतल्या ठेवी. इथल्या माणसानं सॉफ्टवेअर पारखताना पहिल्यांदा एवढंच बघावं: शेतीचं उत्पन्न टाकल्यावर ते काय करतं?

शेतीवर कर नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. पण शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर आणि बाकीचं उत्पन्न मूळ सूट-मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीही मोजली जाते. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचं, नव्या करप्रणालीतलं उदाहरण घेऊ. ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन पगाराचे करपात्र ११ लाख राहिले. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ म्हणून मंडळी निर्धास्त. आता खर्च वजा जाता उसाचे ५ लाख धरा. एकूण १६ लाखांवरचा कर १,२०,०००. त्यातून शेतीचे ५ लाख आणि मूळ सुटीचे ४ लाख मिळून ९ लाखांवरचा कर, म्हणजे ३०,०००, वजा करायचा. राहिले ९०,०००. १२ लाखांपर्यंत कर शून्य करणारी कलम ८७-अ ची सूट जास्तीत जास्त ६०,०००. उरलेल्या ३०,००० वर ४ टक्के सेस धरून ३१,२०० रुपये भरावे लागतात.

हेच आकडे सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघा. ३१,२०० आले तर पुढं जा. शून्य आलं तर बहुधा ऊस ‘इतर करमुक्त उत्पन्न’ या रकान्यात गेलेला असतो. तिथं टाकलेली रक्कम दरासाठी मोजली जात नाही, आणि शेतीचा वेगळा रकाना मुख्य स्क्रीनवर न दिसल्यामुळे ही चूक सहज होते. शेतीच्या रकान्यात तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत: एकूण प्राप्ती, शेतीचा खर्च आणि मागच्या आठ वर्षांतला न वळता झालेला शेतीचा तोटा. लागण, खतं, पाणीपट्टी, मजुरी हे सगळं खर्चात येतं, तेव्हा पावत्या जपून ठेवा. नुसता कारखान्याच्या बिलाचा आकडा ढकलला तर दर उगाच चढतो.

निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं की शेड्यूल ईआयमध्ये (रिटर्नमधला करमुक्त उत्पन्नाचा तक्ता) प्रत्येक जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, मालकीची की खंडानं घेतलेली, बागायत की जिरायत, एवढं भरावं लागतं. क्षेत्र एकरात हवं असतं आणि सातबारा असतो हेक्टर-आरमध्ये. हेक्टरला २.४७ नं गुणायचं: ०.८० हेक्टर म्हणजे १.९८ एकर. उताऱ्यावरचे ८० आर बघून रकान्यात ८० लिहिलंत, तर कागदावर ८० एकरांचे बागायतदार व्हाल.

दुसरी परीक्षा फॉर्मच्या निवडीची. शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर गेलं की आयटीआर-१, म्हणजे पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म, चालत नाही. नोकरी आणि ऊस असेल तर आयटीआर-२. दुधाचं उत्पन्न शेतीत धरलं जात नाही, तो व्यवसाय. त्याला कलम ४४एडी लावता येतं: बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा दाखवायचा. त्यासाठी साधा फॉर्म आयटीआर-४, पण तोही शेती ५,००० च्या वर असली की बंद. म्हणजे नोकरी, ऊस आणि संघाला घातलेलं दूध एकत्र आलं की थेट आयटीआर-३. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराची गावाकडं शेती असेल तर त्यालाही हेच लागू. चांगलं सॉफ्टवेअर उत्पन्न भरल्यावर फॉर्म आपोआप बदलतं. सुमार सॉफ्टवेअर सुरुवातीलाच फॉर्म विचारतं आणि तुम्ही म्हणाल तो धरून चालतं. चुकीच्या फॉर्मवरचं रिटर्न सदोष ठरून कलम १३९(९) ची नोटीस येऊ शकते, आणि दुरुस्तीला १५ दिवस मिळतात.

आता पसंतीचं. पगार किंवा पेन्शन, ठेवींचं व्याज आणि फार तर ऊस एवढंच असेल, तर आयकर खात्याचं ई-फायलिंग पोर्टल पुरेसं आहे. फुकट आहे, पगार, टीडीएस (आधीच कापलेला कर), व्याज आधीच भरून येतं, आणि शेतीचा हिशेब बरोबर होतो. दिसायला रुक्ष आहे खरं. मध्ये उठून चहाला गेलात तर लॉगआउट होतं, म्हणून प्रत्येक शेड्यूल संपलं की सेव्ह करत जा. आयटीआर-२ मध्ये शेड्यूल निवडायची यादी येते, तिथं ‘एक्झेम्प्ट इन्कम’वर खूण नसेल तर शेतीचा रकाना पुढं कुठंच सापडत नाही. आणि करप्रणालीचा प्रश्न उलटा विचारलाय: ‘नव्या प्रणालीतून बाहेर पडताय का?’ इथं ‘होय’ म्हणजे जुनी प्रणाली. घाईत इथं बोट चुकलं की सगळा हिशेब बदलतो.

जुनी प्रणाली घेणार असाल तर ८०सी, ८०डी या कलमांखालच्या विमा-बचतीच्या वजावटींसाठी पॉलिसी क्रमांक वगैरे हाताशी लागतात. घरभाडे भत्त्याला कोल्हापूरसाठी मूळ पगाराच्या ४० टक्क्यांचाच हिशेब आहे, महानगरांसारखा ५० चा नाही. मुदत उलटल्यावर जुनी प्रणाली मिळत नाही. व्यवसायाचं उत्पन्न असेल तर त्याआधी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो.

शेअर, म्युच्युअल फंड असतील तर पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा उपयोग होतो. क्विको झेरोधासारख्या ब्रोकरकडचे व्यवहार थेट उचलतं. क्लिअरटॅक्समध्ये फॉर्म १६ ची पीडीएफ चढवली की आकडे भरून येतात, मात्र मूळ पीडीएफ हवी, ऑफिसनं दिलेल्या कागदाचा फोटो नव्हे. टॅक्सबडीसारख्या सेवांचा भर माणसाकडून भरून घेण्यावर आहे. तरी वर्षात चार-दोनच विक्री असतील तर यातलं काही लागत नाही: ३१ जानेवारी २०१८ नंतर घेतलेल्या शेअरच्या दीर्घकालीन नफ्याचा पोर्टलवर एकत्रित आकडा चालतो. इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) किंवा एफ अँड ओ (वायदे व्यवहार) असेल तर आयटीआर-३ आलाच, तिथं सॉफ्टवेअरपेक्षा सीए परवडतो. ऊस, दूध, नोकरी या तिहेरीलाही आमचं मत तेच.

पतसंस्थेचं व्याज मात्र कुठलंच सॉफ्टवेअर हमखास पकडत नाही. सगळ्यांची भिस्त एआयएसवर (आयकर खात्याकडं जमा झालेल्या तुमच्या व्यवहारांची वार्षिक यादी), आणि सभासदाला दिलेल्या व्याजावर टीडीएस कापला नसेल तर ते तिथं बऱ्याचदा दिसत नाही. पिग्मीचं, मुदत ठेवीचं व्याज संस्थेकडून दाखला घेऊन हातानं भरावं लागतं. एआयएसमध्ये नाही म्हणून करपात्र नाही, असं नसतं. उलटही होतं: तिथं तीच रक्कम दोनदा येते. तेव्हा पासबुकाशी ताळा करून एआयएसमध्येच हरकत नोंदवा, नुसती रिटर्नमधून गाळू नका.

पैसे भरण्याआधी खासगी साइटवर दोन गोष्टी तपासा. पूर्ण हिशेब आधी दिसतो का, आणि तयार रिटर्नची जेएसओएन फाइल (पोर्टलला वाचता येणारी) उतरवता येते का. ती मिळाली तर पोर्टलवर नेऊन स्वतः भरता येतं. ‘रिफंड वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला तर लांबूनच रामराम. खोटी वजावट पकडली गेली की कर, व्याज आणि दंड तुमच्या पॅनवर येतो, त्याच्या नाही. मोबाइल आणि ईमेलही तुमचाच घाला. नोटीस तिथं येते.

कर भरायचा निघाला तर चलन ‘स्वयंमूल्यांकन कर’ या प्रकारात भरा, आणि खासगी साइटवर बीएसआर कोडचे (बँक शाखेचा क्रमांक) सातही आकडे, तारीख, चलन क्रमांक नीट चढलाय का बघा. रिफंडसाठी दिलेलं खातं पोर्टलवर व्हॅलिडेट झालेलं हवं. सहकारी बँकेचं विलीनीकरण होऊन आयएफएससी बदललेला असेल तर रिफंड अडकतो. शेवटी, रिटर्न पाठवल्यापासून ३० दिवसांत ई-व्हेरिफिकेशन. आधार ओटीपी सगळ्यात सोपा. खासगी साइटवर हिरव्या अक्षरात ‘फाइल झालं’ दिसलं तरी पोर्टलवर लॉगिन करून पावती क्रमांक आणि व्हेरिफिकेशनची नोंद डोळ्यांनी बघा.