तिबेटची पेटी, सातवीचा वर्ग आणि हरवलेला ‘घ’

शिक्षकांसाठी म्हणून ऑनलाइन विकला जाणारा तिबेटी संस्कृतीचा एक संच मी दिवाळीनंतर मागवला. १,८५० रुपये, पोस्टखर्च वेगळा. पैसे पदरचेच, शाळा अनुदानातून मिळतील या आशेवर बिल जपून ठेवलंय, बघू. मागवायचं कारण साधं होतं. आम्ही गोंदिया जिल्ह्यातले. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे, आणि तरी थंडीत स्वेटर विकायला बसणाऱ्या बायका माझ्या सातवीच्या पोरांच्या लेखी ‘नेपाळी’.

पेटीत पताकांची माळ, पांढरा खाता (मान द्यायला गळ्यात घालतात ते उपरणं), हातात धरून फिरवायचं प्रार्थनाचक्र, एक लाकडी वाटी, नकाशा, तिबेटी मुळाक्षरांची तीस कार्डं आणि शिक्षकांसाठी पुस्तिका निघाली. नकाशा उत्तम. सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा तिबेटातून निघतात हे तोंडपाठ असलेल्या पोरांनी पहिल्यांदाच ते बोटाने गिरवून पाहिलं.

पुस्तिकेवर मात्र माझा राग आहे. एकतर ती इंग्रजी-हिंदीत. मराठीचं एक पान नाही, म्हणून रात्री जागून मी उतरवून काढली. त्यात ‘याकच्या दुधाचं लोणी’ असं दोनदा छापलंय. याक म्हणजे नर. मादीला तिबेटी लोक ‘द्री’ म्हणतात. वर्गात सांगितलं तर मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, “म्हणजे मॅडम, बैलाचं दूध!” त्साम्पाचं वर्णन तर असं केलंय, जणू चंद्रावरचा पदार्थ. भाजलेल्या जवाचं पीठ चहात कालवून खातात, म्हणजे आपलं सातूचं पीठच की. मीठ-लोणी घातलेला चहा मी करून नेला. तिघांनी संपवला, बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली.

पताका उघडल्या तेव्हा निम्मा वर्ग ओरडला, “पंचशील ध्वज!” आमच्याकडे बरीच मुलं बौद्ध घरांतली, त्यांना तसं वाटणारच. मग फळ्यावर दोन्ही शेजारी-शेजारी काढले. इकडे निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. तिकडे निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा, म्हणजे आकाश, वारा, अग्नी, पाणी, पृथ्वी. भारतात शिकवणाऱ्यांसाठी छापलेल्या पुस्तिकेत ही तुलना नसावी याचं नवल वाटतं.

पैसे वसूल झाले ते कार्डांमुळे. कागद पातळ, उजेडात धरला की आरपार दिसतो, कोपरे आठवड्यात दुमडले. पण अक्षरं सुरेख आणि क्रम आपल्याच घरचा: क, ख, ग आणि थेट ङ. “मॅडम, घ कुठे गेला?” मग शोधाशोध सुरू झाली. घ, झ, ध, भ नाहीत. ट-वर्ग अख्खा गायब. सातव्या शतकात थोन्मी संभोटाने भारतीय लिपीवरून ही लिपी बेतली अशी तिबेटी परंपरा आहे, हे सांगितल्यावर पोरांना ती एकदम भाऊबंदच वाटली. आपला बिचारा ङ ‘वाङ्मय’सारख्या शब्दांतच भेटतो, तिबेटीत ‘ङ’ म्हणजे चक्क ‘मी’. आणि चहातला च आणि चमच्यातला च आपण एकाच अक्षरात भागवतो, त्यांच्याकडे दोन वेगळी अक्षरं आहेत. त्या तासाला घंटा झालेली कुणाला कळली नाही.

प्रार्थनाचक्र दुसऱ्याच दिवशी दांड्यातून निखळलं. ते प्रदक्षिणेसारखं उजवीकडे फिरवायचं, आत मंत्र छापलेल्या कागदाची गुंडाळी असते, असं मी नुकतंच सांगितलेलं. उघडलं तर आत कोरा कागद! विक्रेत्याला फोटो पाठवला, उत्तर आलं, “वस्तू सजावटीसाठी आहे.” मग ‘शिक्षकांसाठी’ कशाला लिहिता राजेहो?

पोरं म्हणाली, आपणच लिहू. ‘ओम् मणि पद्मे हूम्’ लिहायला कार्डं मांडली आणि गाडी दुसऱ्याच शब्दावर अडली. मणीतला ण तीस कार्डांत नाहीच. पुस्तिका यावर गप्प. त्या शनिवारी नागपूरला स्वेटरच्या रांगेत एका तिबेटी आजींना विचारलं. त्यांनी माझ्या हातातलं बिल घेतलं, मागे न काढला, शेजारी तोच उलट्या तोंडाचा काढला आणि हिंदीत म्हणाल्या, “आरसा दाखव त्याला.” संस्कृत शब्दांतला ण तिबेटीत असा लिहितात, ट, ठ, ड यांचंही तेच, त, थ, द उलटे करून.

पाचपैकी तीन तारे. कार्डं आणि नकाशा वेगळे मिळत असतील तर तेवढेच घ्या, पताका वसाहतीतून आणा. आम्ही सहलीसाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज टाकलाय.

सोमवारी वर्गात फक्त एवढंच सांगितलं की ण हवा असेल तर न ला आरसा दाखवा. आरसा कुणाकडेच नव्हता. एका पोरीने न चं कार्ड उचललं, पालथं करून खिडकीच्या काचेवर उन्हात धरलं आणि पेन्सिलीने गिरवायला घेतलं.