रेशीम, प्रक्रिया उद्योग की कृषी पर्यटन : जोडव्यवसाय निवडण्यापूर्वी

दोन ते चार एकर ओलिताची जमीन आणि राबणारी तीन-चार माणसे असलेल्या महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबापुढे जोडव्यवसाय म्हणून सध्या रेशीम, शेतमालावरील प्रक्रिया आणि कृषी पर्यटन हे तीन पर्याय वारंवार ठेवले जातात. त्यांची तुलना बहुधा अनुदानाच्या आकड्यावरून केली जाते, आणि तेथेच हिशेब चुकू लागतो. अनुदान एकदाच मिळते. जमिनीचा बदललेला वापर, कर्जाचा हप्ता आणि रोजचे काम मात्र मागे लागून राहते. म्हणून जमिनीचे स्वरूप किती बदलावे लागते आणि व्यवसाय न जमल्यास किती नुकसान सोसून मागे फिरता येते, या दोन कसोट्या येथे अनुदानाच्या आधी लावल्या आहेत.

या कसोट्यांवर रेशीम उद्योग सर्वांत सुरक्षित ठरतो. रेशमाच्या अळीचे खाद्य असलेली तुती हे पीकच आहे; ते नको झाल्यास मोडून पुन्हा कापूस किंवा भाजीपाला घेता येतो. लागवडीनंतर पाच-सहा महिन्यांत पाला मिळू लागतो, आणि चॉकी, म्हणजे सुरुवातीच्या दोन अवस्थांतील, लहान अळ्या आणल्यास साधारण तीन ते चार आठवड्यांत कोष विक्रीला तयार होतात. शंभर अंडीपुंजांमागे (पुंज म्हणजे एका मादीने घातलेली अंडी) साठ-सत्तर किलो कोष हे चांगले उत्पादन मानले जाते. विक्रीसाठी पूर्वी थेट कर्नाटकात रामनगरची वाट धरावी लागे. २०१८ मध्ये जालन्याला कोषबाजार सुरू झाल्यापासून मराठवाड्याची ती अडचण बरीच कमी झाली आहे. तुती लागवड आणि संगोपनगृह यांसाठी रोजगार हमीतून साहाय्य मिळत आले आहे, आणि त्याची चौकशी जिल्हा रेशीम कार्यालयात करावी.

अवघड भाग वेगळाच आहे. अळी आयुष्यभरात जेवढा पाला खाते, त्यातील सुमारे ऐंशी टक्के पाचव्या अवस्थेत, म्हणजे शेवटच्या आठवड्यात खाते. त्या दिवसांत फांद्या कापणे, वाहणे आणि रॅकवर टाकणे हे काम दिवसातून दोन-तीन वेळा ठरलेल्या वेळी करावे लागते. लग्न असो वा आजारपण, त्याला सुट्टी नसते. शेजाऱ्याने कापसावर फवारलेले कीटकनाशक वाऱ्याने तुतीवर आले, तर चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्याच्या जाळीवर, चढण्याच्या बेतात असलेली संपूर्ण बॅच हातची जाते. तुतीची जागा निवडताना मातीइतकेच बांधापलीकडचे पीकही पाहिले पाहिजे.

प्रक्रिया उद्योगाला जमीन थोडी लागते, पण भांडवल आणि बाजाराची ओळख अधिक लागते. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजना २०२० मध्ये आली आणि तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवले गेले. हे अनुदान कर्जाशी जोडलेले आहे: किमान १० टक्के हिस्सा स्वतःचा, उरलेल्यासाठी बँक कर्ज, आणि अनुदान हातात न येता कर्जखात्याशी जोडून ठेवले जाते, तीन वर्षे उद्योग आणि खाते सुरळीत चालल्यावरच ते वळते होते. प्रकल्प अहवाल, बँकेचा पाठपुरावा आणि अन्नसुरक्षा नोंदणी यांसाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असून त्यांचे मानधन योजनेतून दिले जाते. त्यामुळे ‘फाइल करून देतो’ म्हणणाऱ्याला टक्केवारी देण्याचे कारण नाही. उद्योग मात्र बहुधा यंत्रापायी नव्हे, खेळत्या भांडवलापायी अडतो. हळद दळायची असेल तर वर्षभराची हळद हंगामात विकत घेऊन ठेवावी लागते, आणि तेवढा पैसा अडकवण्याची ताकद एकट्या कुटुंबात क्वचितच असते. गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी पाठीशी असेल, तरच या पर्यायाकडे वळणे शहाणपणाचे आहे.

कृषी पर्यटन हा तिघांत सर्वांत आकर्षक आणि नियोजनाच्या दृष्टीने सर्वांत गुंतागुंतीचा पर्याय आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये जाहीर झाले आणि पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. तथापि नोंदणी म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतघर म्हणजे अवजारे, खत, चारा वा शेतमाल ठेवण्यासाठी, जनावरांसाठी, तसेच कुटुंबाच्या आणि गड्यांच्या राहण्यासाठी उभारलेली इमारत होय. पैसे घेऊन पाहुण्यांना दिलेल्या खोल्या त्या व्याख्येत आपोआप बसत नाहीत. त्यामुळे विटा आणण्यापूर्वी आपल्या जमिनीचा गट क्रमांक प्रादेशिक योजनेत कोणत्या झोनमध्ये, म्हणजे शेती, निवासी अशा कोणत्या वापर-विभागात, येतो, याचा दाखला नगररचना कार्यालयातून घ्यावा. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या, २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित असलेल्या क्षेत्रात तर हे अधिकच कडक आहे.

रस्त्याचेही तसेच आहे. संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार दुसऱ्याच्या बांधावरून वाट देऊ शकतात, पण ती शेती कसण्यासाठी. त्या वाटेने दर रविवारी पाहुण्यांच्या गाड्या जाऊ लागल्या की भाऊबंदकीचा जुना वाद पुन्हा तहसीलमध्ये जातो.

उत्पन्नही हंगामी असते. हुरडा डिसेंबर-जानेवारीच्या आसपास काही आठवडेच मिळतो, त्यासाठी फुले मधुर किंवा परभणी वसंतसारखा वाण टप्प्याटप्प्याने पेरावा लागतो, आणि गर्दी शनिवार-रविवारीच येते. चाळीस माणसांचा स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न प्रकल्प अहवालात सहसा नसतो. घरातील स्त्रियांची मजुरी शून्य धरून काढलेला नफा हा नफाच नव्हे.

विजेबाबत तिघांत स्पष्ट फरक आहे. कृषिपंपाच्या जोडणीवर गिरणी किंवा खोल्या चालवणे हा अनधिकृत वापर ठरतो आणि वीज कायद्याच्या कलम १२६ खाली आकारणी होते. रेशमासाठी शेतीच्याच वर्गात वेगळा दर आहे.

शहरापासून दोन तासांच्या आत, स्वतःच्या मालकीचा रस्ता आणि झोन दाखला हाती असेल, तर पर्यटनाचा विचार करावा, तोही प्रथम एक हंगाम मंडपाखाली, मुक्कामाविना. गट मजबूत असेल तर प्रक्रिया. इतरांनी, पाणी उन्हाळ्यात टिकत असेल आणि शेजारी फवारणीचे पीक नसेल तर, एका एकरावर तुतीने सुरुवात करावी. पर्याय कोणताही असो, सातबारा सामाईक असल्यास सहहिस्सेदारांची लेखी संमती, आणि जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरावर निर्बंध असलेली, आहे का याचे तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, उत्तर, या दोन्ही गोष्टी अर्ज भरण्यापूर्वीच मिळवाव्यात. बँकेने त्या मागेपर्यंत थांबल्यास हंगाम निघून जातो.