मंद आचेसाठी काय घ्यावं: गॅसचा छोटा बर्नर की इंडक्शन?

ठाण्यात आणि नवी मुंबईत आता बऱ्याच इमारतींत पाइप गॅस आहे आणि ओट्यावर इंडक्शनसाठी वेगळा प्लगही काढलेला असतो. नवं स्वयंपाकघर लावताना बासुंदी, तूप, कढी, बिरडं, पाया असं तासन्‌तास शिजणारं काय कशावर ठेवायचं, हे ठरवावं लागतं. मी दोन्ही वापरतो. चहा, भाताचं आधण आणि उकडलेले बटाटे यांत इंडक्शन पुढे आहे, त्यावर इथे वेळ घालवत नाही. प्रश्न फक्त मंद आचेचा.

मंद आच म्हणजे पातेल्यातलं द्रव उकळीच्या खाली, साधारण ८५ ते ९५ अंशांवर धरून ठेवणं. कडेने एखाद-दुसरा बुडबुडा येतो, मधला भाग नुसता थरथरतो. हे साधायला उष्णता कमी लागते, पण ती अखंड लागते. माझी निवड या अखंडपणावरच ठरली.

सुट्या, एका कॉइलच्या (काचेखालच्या तारेच्या वेटोळ्याच्या) बहुतेक इंडक्शन शेगड्या साधारण ८०० ते १००० वॉटच्या खाली सलग चालत नाहीत. पट्टीवर २०० दिसलं तरी आतून दोन सेकंद १००० वॉट आणि आठ सेकंद बंद, असा खेळ चालतो. सरासरी २०० भरते, पण बुडाला दर वेळी बसतो तो पूर्ण हजाराचा चटका. पातळ बुडाच्या पातेल्यात हे डोळ्यांना दिसतं: बुडबुडे एकदम उसळतात, मग सगळं शांत होतं, पुन्हा उसळतात. घुर्र आवाजही तसाच तुटक येतो. शिवाय कॉइल बहुधा १५ सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे २६ सेंटिमीटरच्या कढईत मधलं वर्तुळ तापतं आणि कडा मागे राहतात.

आता यावर बासुंदी ठेवून पाहा. २ लिटर दूध आटून निम्म्यावर येईपर्यंत ते घट्ट होत जातं, आणि घट्ट दूध पाण्यासारखं आपणहून खालीवर फिरत नाही. बुडाशी असलेला थर तिथेच राहतो. दर दहा सेकंदांनी त्याला चटका बसला की त्यातली साखर आणि प्रथिनं बुडाला धरतात आणि शेवटच्या अर्ध्या तासात लागल्याचा वास येतो. सतत उलथणं फिरवून तो टाळता येतो, पण मग कडेची साय जमू देऊन ती खरवडून दुधात सोडण्याला वाव राहत नाही. रवाळ बासुंदी त्या सायीनेच होते.

तुपाचं तसंच. अर्धा किलो लोणी कढवताना सुरुवातीला पाणी असतं तोवर तापमान १०० च्या आसपास राहतं, काही बिघडत नाही. पाणी संपून फेस बसला की तापमान भराभर चढतं आणि तळाशी बसलेली बेरी त्या चटक्यात एका जागी काळी पडते. तुपाला मग करपट वास राहतो. कढी त्याहून नाजूक. ताकाला बेसन लावलेलं असलं तरी तिला खळखळून उकळी द्यायची नसते. वाफ दिसली, कडेला फेस धरला की बस. तुटक आचेवर ती वेळ नेमकी पकडणं फार अवघड जातं आणि कढी फुटते.

गॅसवर ज्योत लहान असली तरी अखंड असते. मात्र छोटा बर्नर आपोआप मंद होत नाही. सिलिंडरवरून पाइप गॅसवर जाताना जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, बदलावे लागतात: घरी येणाऱ्या पाइप गॅसचा दाब सुमारे २१ मिलिबार, सिलिंडरचा सुमारे ३०, आणि तेवढ्याच घनफळात पाइप गॅसची उष्णताही कमी, म्हणून भोक मोठं लागतं. जेट बदलले जातात, पण सिम, म्हणजे ज्योतीची सर्वांत खालची पातळी, पुष्कळदा तसंच राहतं. मग ज्योत एकतर हवी तेवढी खाली येत नाही, नाहीतर बटण सिमवर नेताच विझते. बऱ्याच शेगड्यांत बटण काढल्यावर आतल्या कॉकवर (गॅस कमी-जास्त करणाऱ्या तोटीवर) सिमचा बारीक स्क्रू दिसतो. मेकॅनिककडून तो लावून घ्यावा, आणि मेकॅनिक जायच्या आधी भांडं ठेवून ज्योत पाच मिनिटं बघावी.

एवढ्यानेही आच जास्त वाटली तर पातेल्याखाली जाड लोखंडी तवा घालावा. ज्योतीची टोकं तव्यात जिरतात आणि बुडाला सगळीकडे सारखी ऊब मिळते. दोन गोष्टी सांभाळायच्या. तवा थंड व्हायला वेळ घेतो, म्हणून गॅस पाच मिनिटं आधी बंद करावा. आणि काचेच्या शेगडीवर तवा २२-२४ सेंटिमीटरपेक्षा मोठा नको. मोठा तवा उष्णता खाली काचेवर परतवतो आणि काच तडकू शकते.

गॅसची खरी अडचण वाऱ्याची आहे, आणि आपल्याकडे ती खरोखर जाणवते. घोडबंदर रोडला किंवा पाम बीचकडच्या उंच मजल्यांवर पावसाळ्यात पश्चिमेचा वारा खिडकीतून थेट ओट्यावर येतो. सिमवरची ज्योत विझली आणि लक्ष गेलं नाही तर गॅस सुटत राहतो, कारण ज्योत विझताच गॅस बंद करणारी सोय आपल्या बहुतेक शेगड्यांना नसते. मंद आच ठेवायची तर खिडकीपासून लांबचा बर्नर घ्यावा आणि घरातून बाहेर जाऊ नये. नवी शेगडी घेणार असाल तर ती सोय असलेलीच बघा, थोडे पैसे जास्त गेले तरी.

म्हणून पाया किंवा हाडांचा रस्सा चार-पाच तास ठेवायचा तर मी इंडक्शनला नाही म्हणणार नाही. द्रव पातळ असतं, आपणहून फिरतं, त्यामुळे तुटक चटका पाण्यात विरून जातो. हाडाजवळच्या चिवट भागाला विरघळायला फक्त वेळ आणि ऊब हवी असते. उन्हाळ्यात स्वयंपाकघरही कमी तापतं. एवढंच की बऱ्याच इंडक्शन शेगड्या काही तासांनी आपणहून बंद होतात. टायमर आधी बघून ठेवा. तापमानाच्या बटणावर फार विसंबू नका, त्याचा सेन्सर काचेखाली असतो, रश्श्यात नाही.

वालाच्या बिरड्याला दोन्ही चालतं, भांड्यावर अवलंबून. डाळिंब्या, म्हणजे मोड आणून सोललेले वाल, मोडू नयेत म्हणून वर ताटली ठेवून त्यात पाणी ओततात; आतली वाफ थंड ताटलीला लागून परत खाली ठिबकते, आणि कमी पडलं तर तेच गरम पाणी आत घालता येतं. कोकम वाल मऊ झाल्यावरच, नाहीतर आंबटपणाने ते टणक राहतात. पण कल्हईचं पितळी पातेलं, मातीची हंडी किंवा साधं ॲल्युमिनियम इंडक्शनवर तापतच नाही. घरात अशी भांडी असतील तर निवड तिथेच बरीचशी होऊन जाते.

माझं मत गॅसच्या बाजूने झुकतं, विशेषतः दूध, तूप आणि कढी ज्या घरात नेहमीची आहे तिथे. तरीही इंडक्शनच घ्यायचं असेल तर जाड बुडाचं ट्रायप्लाय (तीन थरांच्या धातूचं) किंवा बिडाचं भांडं सोबत घ्या, म्हणजे चटके थोडे बोथट होतील. आणि दुकानात पातळ बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात एक इंच पाणी घालून, उकळी आणून, सर्वांत खालच्या आकड्यावर दोन मिनिटं चालवून दाखवायला सांगा. बुडबुडे थांबून-थांबून उसळले तर ती शेगडी बासुंदीसाठी घेऊ नका.